ढोंग, हसू आणि पावणेपाच वर्षांची बंदी : ‘तार्त्युफ’ प्रकरणाचा अभ्यास

मोलिएर या फ्रेंच विनोदी नाटककाराचे ‘तार्त्युफ’ हे नाटक पहिल्यांदा झाले ते १२ मे १६६४ रोजी, चौदाव्या लुईने व्हर्सायला भरवलेल्या राजोत्सवात. राजा नाटक पाहून खूश झाला आणि तरीही लगोलग त्याने सार्वजनिक प्रयोगाला मनाई केली. पॅरिसच्या सर्वसामान्य प्रेक्षकाला हे नाटक उघडपणे आणि मूळ नावानिशी पाहायला मिळाले ते ५ फेब्रुवारी १६६९ रोजी. मधल्या जवळजवळ पावणेपाच वर्षांत दोनदा बंदी आली, राजाकडे अर्ज गेले, सरदारांच्या वाड्यांत खाजगी प्रयोग झाले, नाव आणि पोशाख बदलून एक जाहीर प्रयोग झाला, आणि हे नाटक पाहणाऱ्यालाच नव्हे तर वाचणाऱ्याला किंवा वाचताना ऐकणाऱ्यालाही धर्मबहिष्कृत करण्याची ताकीद पॅरिसच्या आर्चबिशपने दिली.

हे प्रकरण बहुधा कर्मठ धर्माधिकारी विरुद्ध निर्भय कलावंत असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने मोलिएरचे शहाणपण हाती लागत नाही. नाटकातल्या घरात जे घडते आणि नाटकाबाहेर पॅरिसमध्ये जे घडले, त्या दोन्हींच्या मुळाशी मनुष्यस्वभावाचा एकच नियम आहे, असे मला वाटते. माणूस वाईट म्हणवून घ्यायला एकवेळ तयार होतो, पण हास्यास्पद ठरायला तयार होत नाही. हा नियम मोलिएरनेच १६६९ च्या छापील आवृत्तीच्या प्रस्तावनेत मांडला आहे. त्याचे नाटक या नियमावर उभे आहे आणि त्याच्यावरचे संकटही याच नियमाने आले. म्हणून आधी नाटकातले घर नीट पाहिले पाहिजे.

ऑर्गोंचे घर

ऑर्गों हा पॅरिसमधला सुखवस्तू गृहस्थ. मुले लग्नाच्या वयाची आहेत, दुसरी बायको एल्मीर समंजस आहे, आणि फ्रोंदच्या यादवीत राजाची बाजू न सोडल्यामुळे शहाणा माणूस म्हणून त्याला मान आहे. रोज चर्चमध्ये त्याच्यासमोर येऊन गुडघे टेकणारा, उसासे टाकणारा, जमिनीचे चुंबन घेणारा, दान दिले तर अर्धे परत करू पाहणारा आणि ते परत घेतले नाही तर त्याच्या डोळ्यांदेखत गरिबांना वाटून टाकणारा तार्त्युफ त्याच्या मनात भरतो आणि ऑर्गों त्याला घरी आणून ठेवतो. ओसरी मिळाल्यावर तार्त्युफ हातपाय पसरतो. घरात कोणी यावे, कोणी काय बोलावे, कोणी काय ल्यावे यावर त्याची नजर राहते. घरातली सगळी माणसे, विशेषतः दोरीन ही तोंडाळ पण स्वच्छ मनाची दासी, त्याला ओळखून आहेत. ओळखत नाहीत ते दोघेच, ऑर्गों आणि त्याची आई मादाम पेर्नेल.

पहिल्या अंकातला एक छोटा प्रवेश पाहण्यासारखा आहे. ऑर्गों दोन दिवस गावाकडे राहून परत आला आहे आणि घरची खुशाली विचारतो आहे. दोरीन सांगते की बाईसाहेबांना संध्याकाळपर्यंत ताप होता आणि डोके भयंकर दुखत होते. ऑर्गों विचारतो, “आणि तार्त्युफ?” तो धट्टाकट्टा आहे, गाल तुकतुकीत आहेत, असे उत्तर येते. यावर ऑर्गों म्हणतो, “बिचारा!” बाईसाहेबांना रात्री घास गिळवला नाही. “आणि तार्त्युफ?” त्याने मोठ्या भक्तिभावाने दोन तित्तिर आणि मेंढीच्या अर्ध्या तंगडीचा खिमा संपवला. “बिचारा!” बाईसाहेबांच्या डोळ्याला डोळा लागला नाही, तार्त्युफ मात्र उबदार बिछान्यात सकाळपर्यंत गाढ झोपला. “बिचारा!” शेवटी बाईसाहेबांचे रक्त काढावे लागले, आणि त्यांच्या अंगातून गेलेले रक्त भरून काढण्यासाठी तार्त्युफने न्याहारीला दारूचे चार मोठे घोट घेतले. “बिचारा!”

प्रेक्षागृह हसते ते त्याच दोन वाक्यांच्या पुनरावृत्तीला. पण या पुनरावृत्तीत ऑर्गोंच्या मनाचा सगळा रोग दिसतो. त्याला ऐकू येत नाही असे नाही, तो मूर्खही नाही. त्याची माया घरातून निघून दुसरीकडे जाऊन बसली आहे, आणि त्यामुळे समोर आलेला प्रत्येक पुरावा त्याच्या मनात एकाच दिशेने वळतो. मराठी प्रेक्षकाला मोलिएरची ही रीत अनोळखी नाही. देवलांनी आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून रचलेल्या ‘संशयकल्लोळ’चे मूळ मोलिएरच्या १६६० सालच्या ‘स्गानारेल’ या नाटकात आहे, आणि फाल्गुनरावालाही जे दिसेल त्यातून संशयाचाच पुरावा मिळत जातो. फरक असा की फाल्गुनरावाचा भ्रम त्याला स्वतःला जाळतो, तर ऑर्गोंचा भ्रम त्याला सुख देतो. मेहुणा क्लेआंत याला तो अभिमानाने सांगतो की तार्त्युफच्या शिकवणीमुळे आपले मन सगळ्या मायापाशातून सुटले आहे, आणि भाऊ, मुले, आई, बायको डोळ्यांसमोर मेली तरी आपल्याला काही वाटणार नाही.

या वाक्यापाशी थांबावे लागते, कारण हे तार्त्युफचे वाक्य नाही, ऑर्गोंचे आहे. वैराग्याची भाषा त्याने उचलली आणि तिच्या जोरावर त्याला घरात असा अधिकार मिळाला की त्याला कोणी उत्तरच देऊ शकत नाही. वालेर या तरुणाला दिलेला शब्द मोडून मुलगी मारिआन हिचे लग्न तार्त्युफशी लावायचे, मुलाला घराबाहेर काढायचे, सगळी मालमत्ता परक्याच्या नावावर करायची, हे सगळे आता त्याला हट्ट वाटत नाही, पुण्य वाटते. तार्त्युफला ऑर्गोंच्या घराची गरज आहे हे उघडच आहे. ऑर्गोंलाही तार्त्युफची तितकीच गरज आहे, हे मोलिएरने ओळखले. पुढे प्रयोग झाले तेव्हा नाटककाराने स्वतःसाठी तार्त्युफची भूमिका घेतली नाही, ऑर्गोंची घेतली. तार्त्युफ केला तो द्यु क्रोआझी या नटाने, एल्मीर मोलिएरची पत्नी आर्माँद बेजार हिने आणि दोरीन मादलेन बेजार हिने. मंडळीतला सर्वांत गाजलेला विनोदी नट फसणाऱ्याच्या भूमिकेत उभा राहतो तेव्हा नाटकाचा भार कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

मेजाखालचा माणूस

तिसऱ्या अंकात मुलगा दामिस तार्त्युफला एल्मीरपाशी लाडीगोडी करताना रंगेहाथ पकडतो आणि बापाला सांगतो. तार्त्युफ नाकबूल करत नाही. होय, मी पापी आहे, अधम आहे, माझ्याइतका नीच माणूस जगात झाला नाही, असे तो म्हणतो. त्याचे प्रत्येक वाक्य खरे आहे आणि ते खरे असल्यामुळेच ऑर्गों ते खोटे मानतो, कारण नम्र संतच स्वतःबद्दल असे बोलतात. खऱ्या कबुलीचे ढोंग करून माणूस सुटतो, ही कल्पना नाट्यदृष्ट्या इतकी अचूक आहे की साडेतीनशे वर्षांनंतरही तिला तोड सापडत नाही. दामिस घराबाहेर जातो आणि घर तार्त्युफच्या नावावर होते.

मग एल्मीर नवऱ्याला चादर घातलेल्या मेजाखाली बसवते आणि तार्त्युफला बोलावून घेते. तार्त्युफ आता मोकळेपणाने बोलू लागतो. देवाने काही सुखांना मनाई केली आहे खरी, पण त्याच्याशी तडजोड करता येते. हेतू शुद्ध असला की कृतीचा दोष धुऊन काढण्याचे शास्त्र आहे. पाप जाहीर झाले तरच पाप, गुपचूप केले तर ते पाप नव्हेच. एल्मीर खोकते, पुन्हा खोकते, मेजावर थाप मारते. मेजाखालून कोणी बाहेर येत नाही. तार्त्युफ तिला खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा तुकडा पुढे करतो. शेवटी ती म्हणते की निदान माझा नवरा आसपास नाही ना ते पाहून या. त्यावर तो हसून सांगतो की त्याची कसली काळजी करता, नाकात वेसण घालून फिरवावा असा तो माणूस आहे, सगळे डोळ्यांनी पाहूनही कशावर विश्वास ठेवणार नाही इथपर्यंत मी त्याला आणून ठेवले आहे.

तार्त्युफ बाहेर पाहायला जातो आणि त्यानंतर ऑर्गों मेजाखालून निघतो. बायकोच्या अब्रूवर हात पडत होता तेव्हा तो निघाला नाही. देवाधर्माची अशी विटंबना चालली होती, ज्या धर्मासाठी त्याने मुलाला हाकलले होते त्याचीच, तेव्हाही तो निघाला नाही. मोलिएरने त्याचे बाहेर येणे त्याच्याविषयीच्या कुत्सित बोलण्याच्या पाठोपाठ ठेवले आहे, आणि हा क्रम सहज घडलेला नाही अशी माझी खात्री आहे. ऑर्गोंला सत्य पटवण्यासाठी पुरावा पुरेसा नव्हता. त्याला आपले स्वतःचे हसे होताना ऐकावे लागले. एल्मीर त्याला त्या क्षणी म्हणते की इतक्यात आलात, पुन्हा चादरीखाली जा, शेवटपर्यंत थांबून पक्की खात्री करून घ्या. कुलीन स्त्रीच्या तोंडी इतका झोंबणारा आणि इतका न्याय्य शब्द फ्रेंच रंगभूमीवर दुसऱ्या कोणी घातला असेल असे वाटत नाही.

बंदी कोणाला हवी होती

आता घराबाहेर येऊ. १६६४ मध्ये लुई पंचवीस वर्षांचा होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत मोलिएरच्या पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यात त्याने धर्मपित्याचा मान स्वीकारला होता, म्हणजे नाटककाराविषयी त्याची मर्जी उघड होती. पण दरबारात राजमाता अ‍ॅन हिच्याभोवती धर्मनिष्ठ मंडळींचा मोठा गट होता, आणि राजाच्या लुईझ द ला व्हालिएरशी असलेल्या संबंधांवर तो गट नाराज होता. याखेरीज ‘पवित्र संस्कार मंडळ’ या नावाची एक गुप्त संघटना होती. तिच्यात सरदार, न्यायाधीश, धर्मगुरू होते. या मंडळाने रुग्णालये, कैदी आणि दरिद्री लोक यांच्यासाठी पुष्कळ काम केले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्याच मंडळाने लोकांच्या घरांतल्या आचारांवर पाळत ठेवली आणि प्रॉटेस्टंटांचा छळही केला. नाटकाचा प्रयोग होण्याआधीच, १७ एप्रिल १६६४ च्या बैठकीत, हे ‘दुष्ट’ नाटक दडपण्याचा विचार या मंडळाने केला होता. आर्चबिशप आर्दुअँ द पेरेफिक्स हा तर राजाचा बालपणीचा शिक्षक. त्याने बंदीसाठी राजाकडे आग्रह धरला.

राजोत्सवाच्या अधिकृत वृत्तांतात बंदीचे कारण सौम्य शब्दांत दिले आहे. खरी भक्ती ज्यांना स्वर्गाच्या वाटेवर नेते ती माणसे, आणि सत्कृत्यांचा देखावा करत दुष्कृत्ये करणारी माणसे, यांच्यात राजाला इतके साम्य दिसले की लेखकाच्या हेतूबद्दल शंका नसूनही त्याने हा आनंद स्वतःलाही नाकारला आणि इतरांनाही. हा युक्तिवाद पोकळ नाही. तार्त्युफ जे शब्द वापरतो तेच शब्द खऱ्या साधकाच्याही तोंडी असतात. रंगमंचावर त्या शब्दांना लोक हसले तर उद्या चर्चमध्ये ते शब्द ऐकताना हसणार नाहीत याची खात्री कोणी द्यायची?

सगळे विरोधक इतके सभ्य नव्हते. पॅरिसच्या सेंट बार्थेलमी चर्चचा धर्मगुरू पिएर रुले याने राजस्तुतीचे एक पत्रक छापून त्यात मोलिएरला माणसाचे कातडे आणि कपडे पांघरलेला सैतान म्हटले आणि त्याला जिवंत जाळावे असे सुचवले. नाटक त्याने पाहिलेले नव्हते.

मोलिएरने राजाला पहिला अर्ज केला तो या वेळी, आणि त्यात त्याचे तत्त्व एका वाक्यात आले आहे : लोकांचे मनोरंजन करता करता त्यांना सुधारणे हे विनोदी नाटकाचे कर्तव्य आहे. त्याच अर्जात तो तक्रार करतो की मूळ माणसांनी आपल्या प्रतिकृतीवर बंदी आणवली. असा टोला राजाला लिहिलेल्या अर्जात मारणे धाडसाचे होते, आणि तो इतक्या अदबीने मारला आहे की त्याबद्दल शिक्षा करणाऱ्याने स्वतःच मूळ असल्याची कबुली दिल्यासारखे झाले असते.

प्रस्तावनेच्या शेवटी त्याने एक प्रसंग सांगितला आहे. बंदीनंतर आठच दिवसांनी दरबारात ‘स्कारामूश संन्यासी’ नावाचे एक नाटक झाले. बाहेर पडताना राजाने एका थोर राजपुत्राला विचारले की मोलिएरच्या नाटकाने ज्यांना इतका धक्का बसला ते या नाटकाबद्दल चकार शब्द का काढत नाहीत. हा राजपुत्र म्हणजे कॉन्दे, असे मानले जाते. त्याने उत्तर दिले की स्कारामूशच्या नाटकात देवाची आणि धर्माची टिंगल आहे, त्याचे या सद्गृहस्थांना काही वाटत नाही, पण मोलिएरच्या नाटकात त्यांची स्वतःची टिंगल आहे आणि ती त्यांना सोसवत नाही. मेजाखालच्या प्रवेशाचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. धर्माची विटंबना होत असताना ही मंडळी चादरीखाली शांत बसली होती.

पाच ऑगस्ट, सहा ऑगस्ट

पुढच्या तीन वर्षांत मोलिएरने हे नाटक जिवंत ठेवले. पोपच्या दूताला, कार्डिनल किजी याला, ते वाचून दाखवले आणि त्याची पसंती मिळवली. राजाच्या भावाच्या वाड्यावर आणि कॉन्देसाठी खाजगी प्रयोग केले. १६६५ मध्ये त्याचेच ‘दों ज्युआँ’ हे नाटक रंगमंचावर आले, त्यातही शेवटच्या अंकात नायक धार्मिकतेचे सोंग घेतो. ते पंधरा प्रयोगांनंतर बंद पडले. त्याच वर्षी राजाने मोलिएरच्या मंडळीला ‘राजाची नाटक मंडळी’ हे नाव आणि वर्षासन दिले. जानेवारी १६६६ मध्ये राजमाता वारली आणि विरोधकांचा मोठा आधार गेला.

१६६७ च्या उन्हाळ्यात राजा फ्लँडर्सच्या मोहिमेवर होता. जाण्याआधी त्याने तोंडी परवानगी दिली आहे, या समजुतीवर मोलिएरने ५ ऑगस्टला पाले रोयाल नाट्यगृहात प्रयोग लावला. नाटकाचे नाव आता ‘लँपोस्तर’, म्हणजे तोतया, असे होते. तार्त्युफचे नाव पान्युल्फ झाले होते, आणि साध्या काळ्या पोशाखाऐवजी त्याला छोटी टोपी, लांब केस, रुंद कॉलर, तलवार आणि झालरींचा कोट चढवून संसारी माणूस केले होते. दुसऱ्याच दिवशी बंदी आली. राजाच्या गैरहजेरीत पॅरिसच्या बंदोबस्ताची जबाबदारी पार्लमाँ या सर्वोच्च न्यायालयाचा प्रथम अध्यक्ष गियोम द लामोआन्यों याच्याकडे होती, आणि तो पवित्र संस्कार मंडळाचा सभासद होता. अकरा ऑगस्टला आर्चबिशपचा बहिष्काराचा आदेश निघाला.

ब्वालो या कवीच्या आठवणीतून पुढे आलेली एक हकिकत अशी आहे की ब्वालोला बरोबर घेऊन मोलिएर लामोआन्योंला भेटायला गेला. लामोआन्योंने त्याची तारीफ केली, फ्रान्सला त्याचा अभिमान आहे असे सांगितले, आणि मग म्हटले की ख्रिस्ती नीती आणि धर्म लोकांना शिकवणे हे नटांचे काम नाही, गॉस्पेलचा उपदेश करणे नाट्यगृहाला शोभत नाही. शब्दांत सदैव हजरजबाबी असणारा मोलिएर त्या वेळी अडखळला, असे ब्वालो सांगतो. अध्यक्षांनी घड्याळाकडे लक्ष वेधले : दुपार होत आली, चर्चमधल्या मासला (उपासनेला) उशीर होईल.

मला या भेटीत दोन्ही बाजूंचे उत्तम रूप दिसते. लामोआन्यों ढोंगी नव्हता. विद्वान, दानशूर, सचोटीचा न्यायाधीश म्हणून त्याची कीर्ती होती. नीतीविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याचा प्रश्न खरा होता. मोलिएरचे उत्तर त्या दिवशी तोंडी आले नाही, पण प्रस्तावनेत ते आहे. विनोदी नाटकाचे काम जर माणसांचे दोष सुधारणे हे असेल, तर त्यातला अमुक एक दोष सवलतीचा का मानावा? आणि गंभीर उपदेशातले उत्तमोत्तम वार जिथे बोथट ठरतात तिथे आपले दोष चव्हाट्यावर मांडलेले पाहून माणूस भानावर येतो. खऱ्या-खोट्यातला गोंधळ टाळण्यासाठी आपण पूर्ण दोन अंक दुर्जनाच्या आगमनाची तयारी करण्यात खर्च केले, प्रेक्षकाला क्षणभरही संभ्रमात ठेवले नाही, असेही तो सांगतो. हे खरे आहे. तार्त्युफ तिसऱ्या अंकात प्रथम येतो. दोरीनला पाहताच तो आपले देहदंडाचे खरखरीत वस्त्र आणि आसूड जपून ठेवण्याची नोकराला मोठ्याने आज्ञा देतो. तोवर त्याच्याविषयी कोणाच्याही मनात शंका उरलेली नसते.

आठ ऑगस्टला मंडळीतले ला ग्रांज आणि ला तोरिलिएर हे दोघे नट दुसरा अर्ज घेऊन लील शहराला वेढा घालून बसलेल्या राजाच्या छावणीकडे निघाले. तार्त्युफसारख्यांचा विजय होणार असेल तर मी नाटके लिहिण्याचा विचारच सोडला पाहिजे, असे मोलिएरने त्या अर्जात लिहिले होते. परतल्यावर नाटक तपासून घेऊ आणि ते होईल, असे राजाचे उत्तर आले. या प्रवासाला मंडळीचे एक हजार लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) खर्च झाले, अशी नोंद ला ग्रांजच्या रोजकीर्दीत आहे. नाट्यगृह २५ सप्टेंबरपर्यंत बंद राहिले. तत्त्वाच्या लढाईत नटांच्या पगाराचा हा भाग सहसा कोणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवला.

आणखी दीड वर्ष गेले. १६६९ च्या आरंभी पोप नववा क्लेमेंट आणि फ्रान्समधले जान्सेनिस्ट या कडक आचाराच्या कॅथलिक पंथाचे लोक यांच्यातला वाद तात्पुरता मिटला, धार्मिक वातावरण निवळले आणि राजाने परवानगी दिली. ५ फेब्रुवारीला पाले रोयालमध्ये लोटलेल्या गर्दीने २८६० लिव्र उत्पन्न दिले. एवढी रक्कम मोलिएरच्या मंडळीने पूर्वी एका प्रयोगाला पाहिली नव्हती.

बंदीने नाटकाचे काय केले

१६६४ चा प्रयोग तीन अंकांचा होता, १६६९ चा पाच अंकांचा. पहिली संहिता उपलब्ध नाही. मोलिएरचे चरित्रकार आणि संपादक जॉर्ज फोरेस्तिए यांनी ती आजच्या पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या अंकांच्या आधारे रचून दाखवली, आणि मोलिएरच्या चारशेव्या जयंतीला, १५ जानेवारी २०२२ रोजी, कॉमेदी फ्रान्सेज या फ्रान्सच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेने तिचा प्रयोग केला. या मांडणीनुसार मूळ नाटक तार्त्युफला घराबाहेर काढण्यापाशी संपते. त्यात मारिआन आणि वालेर यांचे लग्न अडत नाही, घरावर जप्ती येत नाही, राजाचा अधिकारीही येत नाही.

हे मान्य केले तर एक गोष्ट स्पष्ट होते. बंदीने मोलिएरला ढोंगी भक्ताचा गुन्हेगार करायला भाग पाडले. पाचव्या अंकात तार्त्युफ हा नाव बदलून वावरणारा सराईत भामटा निघतो, आणि त्यामुळे प्रामाणिक भक्तांना त्याच्याशी आपला संबंध नाही असे म्हणण्याची सोय झाली. धार कमी झाली, हे खरे. राजाचा अधिकारी येऊन बक्षीसपत्र रद्द करतो आणि ऑर्गोंला माफी देतो, या शेवटावर राजस्तुतीचा आरोप पूर्वापार होत आला आहे. मला तो पूर्ण मान्य नाही. ऑर्गोंने घर स्वतःच्या सहीने दिले होते आणि परागंदा झालेल्या मित्राच्या कागदांची पेटी स्वतःच्या हाताने तार्त्युफकडे सोपवली होती. कायदा तार्त्युफच्या बाजूने होता, दारात उभा असलेला बेलिफ अत्यंत नम्रपणे बोलत होता. अशा वेळी घरातल्या शहाण्या माणसांच्या शहाणपणाने काहीच सुटले नसते, आणि आंधळेपणाची किंमत इतकी असते हे मोलिएरने लपवले नाही.

शिवाय या वाढीव अंकात त्याने दोन अमोल गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे मादाम पेर्नेल. ऑर्गों तिला सांगतो की मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, पाहिले म्हणजे पाहिले. म्हातारी म्हणते की सज्जनांचा लोक नेहमीच हेवा करतात, दिसते तसे नसते. मघाशी याच माणसाने आपल्या मुलाचे ऐकले नव्हते, आता त्याला त्याच्या आईसमोर तेच सोसावे लागते आणि तो संतापाने वेडा होतो. दोरीन जवळच उभी असते आणि जशास तसे मिळाले हे त्याला तोंडावर सांगते.

दुसरी गोष्ट क्लेआंतची. फसवणूक कळल्यावर ऑर्गों जाहीर करतो की आजपासून सगळ्या धर्मनिष्ठ माणसांचा मी तिरस्कार करीन. प्रेक्षकांत बसलेल्या कोणालाही त्या क्षणी हे रास्त वाटेल. क्लेआंत त्याला थांबवतो. तुला कशातच मध्यम वाट सापडत नाही, असे तो म्हणतो. एका लुच्च्याने भक्तीचा मुखवटा घालून तुला फसवले म्हणून सगळेच त्याच्यासारखे कसे ठरतील? भोंदूचा मान ठेवू नकोस, पण खऱ्या श्रद्धेचा अपमान करू नकोस, आणि चूक करायचीच असेल तर विश्वासाच्या बाजूने कर. अगदी शेवटी तार्त्युफला पकडून नेत असताना ऑर्गों त्याला शिव्या द्यायला तोंड उघडतो, तेव्हाही क्लेआंत त्याला आवरतो : पडलेल्या माणसावर तुटून पडू नकोस, त्याला पश्चात्ताप होवो, त्याचे आयुष्य सुधारो अशी इच्छा कर. ज्या नाटकाच्या लेखकाला जाळावे असे एका धर्मगुरूने राजाला सुचवले होते, त्याच्या शेवटच्या पानावर ही वाक्ये आहेत.